सर्व्हिसिंगनंतर ड्रेन बोल्टचे आटे गेले: माझा अनुभव

सर्व्हिसिंगहून आणलेल्या बाइकखाली दुसऱ्या दिवशी शहाबादी फरशीवर तेलाचा ताजा डाग दिसला, तर ‘काल सांडलेलं असेल’ म्हणून सोडू नका. इंजिनचा तळ फडक्याने कोरडा पुसा, गाडी पाच मिनिटं चालू ठेवा आणि खाली कागद टाका. माझ्या गाडीत थेंब पुन्हा ड्रेन बोल्टच्याच, म्हणजे जुनं तेल काढायला इंजिनच्या तळाला असतो त्या बोल्टच्या, डोक्यावर जमला. पाना लावला तर बोल्ट घट्ट न होता नुसताच फिरत राहिला. आटे गेले होते.

बोल्ट स्टीलचा, इंजिनचा केस अ‍ॅल्युमिनियमचा. बऱ्याच १००-१२५ सीसी गाड्यांत तो २५ ते ३० न्यूटन-मीटर (आवळण्याचा जोर मोजायचं एकक) इतकाच आवळायचा असतो. हवेच्या गनने हाणला की मऊ धातूचे आटे सोलून निघतात. वॉशर जुनाच टाकला असेल तर तो नीट दबत नाही, तेल झिरपतं आणि मेकॅनिक आणखी आवळतो.

इथवर सोपं होतं. डोकं फिरलं ते सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर. ‘ओ सर, गाडी जुनी आहे, आटे आधीच गेलेले असणार!’ हे एकच वाक्य, दर वेळी नव्या माणसाकडून. मॅनेजर मीटिंगमध्ये, मेकॅनिक सुट्टीवर. तोंडी वादात हे लोक हार जात नाहीत, कागदापुढे जातात. जॉब कार्डवर, म्हणजे गाडी ताब्यात घेताना सेंटरवाले भरतात त्या कागदावर, तेव्हा दिसलेले दोष लिहायचे असतात. माझ्या कार्डावर ती जागा कोरी होती. ऑइल बदलायला बोल्ट त्यांनीच उघडला. आटे तेव्हाच गेलेले असते तर त्याच वेळी फोन यायला हवा होता.

आणि बोल्ट बाहेर कुणाकडून काढून घेऊ नका. त्यांच्याच रॅम्पवर, तुमच्यासमोर काढायला लावा आणि व्हिडिओ घ्या. माझ्या बोल्टच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली निघाली. जुनी मोडतोड असती तर ती तेलाने काळवंडली असती. बोल्टला टेफ्लॉन टेप किंवा एम-सील सापडलं तर दोष कुणीतरी झाकलाय हे उघडच. टेपचे तुकडे ऑइलच्या जाळीत अडकतात, त्यामुळे ‘टेप मारून देतो’ला साफ नाही म्हणा.

तरी ऐकलं नाही तर कंपनीच्या कस्टमर केअरला लेखी तक्रार, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, वस्तू-सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. माझं काम कंपनीला ईमेल गेल्यावर हललं. त्याआधी व्हिडिओ दाखवूनही ढिम्म!

हो, गाडी ताब्यात घेताना ‘काम समाधानकारक’वर सही करण्याआधी खाली वाकून बोल्ट बघायचा.

दुरुस्तीत केस बदलायची गरज सहसा नसते. भोक मोठं करून, नवे आटे पाडून त्यात स्टीलचं स्प्रिंगसारखं कॉइल बसवतात, तेच बोल्टचे नवे आटे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लेथवाल्यांना हे काम नवीन नाही. ड्रिल आणि टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) ग्रीस लावायला सांगा, म्हणजे धातूचा कीस त्याला चिकटतो. कॉइल बसवताना धरायला असलेली त्याची शेपटी तोडल्यावर ती चिमट्याने बाहेर काढलेली स्वतः बघा, आत पडली तर सगळी मेहनत वाया. मग थोडं स्वस्त तेल ओतून कीस धुऊन काढायचा, नवा वॉशर टाकायचा आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्यानेच) आवळायचा. बिलावर ‘सर्व्हिसिंगमधील नुकसानीची दुरुस्ती’ असं लिहून घ्या. माझ्याकडे आधी नुसतंच ‘ऑइल लीक चेक’ लिहिलं होतं, ते बदलून घेतलं.