अखेर दोन चरे दिसले!

मागच्या खेपेला वालय वाणाच्या तांदळातल्या पोरकिड्यांपाशी, म्हणजे सोंडकिड्यांपाशी, अडलो होतो: जात कोणती, सिटोफिलस ओरायझी (तांदळाचा) की झीमेस (मक्याचा)? चार तांबूस ठिपके दोघांच्याही पाठीवर, म्हणजे त्यांचा उपयोग शून्य. प्रोनोटमच्या, म्हणजे डोक्यामागच्या ढालीच्या, मधल्या रेषेतले खड्डे मोजा, वीसहून कमी तर ओरायझी, जास्त तर झीमेस. माझे आकडे १९, २१, २०. पुन्हा मोजलं, तर १९वाल्याचेच २२. ओरायझीला मधोमध बिनखड्ड्यांची गुळगुळीत पट्टी असते. ती मला सकाळी दिसायची, संध्याकाळी गायब.

मग एडिगसच, म्हणजे नराचं जननेंद्रिय, काढायचा ठरवला. जेमतेम तीन मिलिमीटरच्या किड्याचा! पहिल्या दोन माद्या निघाल्या. नराची सोंड आखूड, जाड, खरबरीत, मादीची लांब, बारीक, चकचकीत. हे पाठ असून फसलो. निदान त्या माद्यांच्या पोटातला इंग्रजी 'वाय'च्या आकाराचा स्क्लेराइट (कडक तुकडा) बघू म्हटलं, तर एक चिमट्यातून उडाला तो उडालाच, दुसरा फाटला. तिसरा नर होता. मांस विरघळवणाऱ्या कॉस्टिक पोटॅशची वाटी गरम पाण्यात ठेवून जेवायला बसलो, उठेपर्यंत एडिगस काचेसारखा पारदर्शक.

चौथा नीट निघाला, पण ग्लिसरीनमध्ये काही दिसेना. वैतागून टिपकागदावर कोरडा केला आणि मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा धरला. एडिगसच्या पाठीवर लांबीभर दोन चरे! ओरायझीत ती पाठ नुसती गुळगुळीत फुगीर असती. रात्री साडेअकराला ओरडलो. आई उठून आली: "लोकां पोरकिडे निवडून टाकतत, आणि तू बरणीत भरून ठेवतंस?"

नंतरचे तिन्ही नरही चरेवालेच, म्हणजे झीमेस. नावात मका, मुक्काम तांदळात. या दोघांच्या नावांचा घोळ तसा जुनाच, १९६१मध्ये कुशेल या कीटकशास्त्रज्ञाने निस्तरला.

ऑनलाइन मागवलेल्या 'स्टेनलेस' सुया वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजल्या. नमुने आता कागदी त्रिकोणांवर चिकटवतोय, डब्यात सिलिका जेल.

पुढे शेजारच्या उकड्या तांदळाची बरणी तपासणार होतो. पण लिहिता लिहिता आठवलं, माळ्यावर गेल्या वर्षीची चिंच आहे आणि चिंचोक्यांना भोकं पडलीत. चिंचेचा सोंडकिडा, सिटोफिलस लिनिअरिस, असला तर? उकडा राहू दे. उद्या आधी चिंचोके फोडतो, बिब्बे घालून आई ते उन्हात टाकायच्या आत.