जांभ्याच्या मातीतला हायड्रेंजिया

वेंगुर्ल्यात हायड्रेंजिया जगतो. हे आधी सांगते, कारण कुणालाही विचारलं तरी 'तो वरचा, महाबळेश्वर-पाचगणीचा, खाली होत नाही' एवढंच ऐकायला मिळतं. होतो की! पावसाळ्यात तर तळहाताहून मोठी, चकचकीत पानं काढून न्हाणीघरामागचा सगळा कोपरा भरून टाकतो. घोडं अडतं ते फुलांपाशी.

माझं झाड महाबळेश्वरच्या एका नर्सरीतून आलं, मे महिन्यात, गुलाबी गुच्छांसकट. त्या वर्षी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी भरपूर कौतुक केलं. पुढच्या उन्हाळ्यात नुसती पानं. त्याच्या पुढच्याही उन्हाळ्यात पानंच. शेजारच्या काकी रोज गडग्यावरून डोकावायच्या आणि म्हणायच्या, "फुलां नाय तर नाय, पानांची भाजी तरी कर गो!" भाजी मात्र खरोखरच करू नका. या पानांत अशी द्रव्यं असतात की ती पोटात गेल्यावर सायनाइड सुटतं. जपानात २००८ साली जेवणाच्या ताटात शोभेला ठेवलेली ही पानं खाऊन माणसं आजारी पडली होती. गुरं-शेरडं मोकळी फिरत असतील तर झाड कुंपणाच्या आत हवं.

मग मी नीट शिकायला बसले. पहिला धडा ओळखण्याचा, कारण हायड्रेंजिया म्हणून भलतंच झाड लावलेलं आपल्याकडे दिसतं. शिरोड्याच्या एका ओळखीच्या बाईंनी 'पांढरा हायड्रेंजिया, आणि तोही वासाचा' म्हणून मोठ्या प्रेमाने मला मुळासकट फुटवा काढून दिला. वासाचा म्हटल्यावरच माझे कान टवकारले. नर्सरीत मिळणाऱ्या नेहमीच्या हायड्रेंजियाला सांगण्यासारखा वास नसतो. निघाला तो हजारी मोगरा, क्लेरोडेंड्रमच्या गोतातला. फसायला होतं हे खरं, कारण दोन्हींची पानं रुंद, दातेरी आणि फांदीवर समोरासमोर येणारी. पान चुरगाळलं की निकाल लागतो. हजारी मोगऱ्याच्या पानाला उग्र, नकोसा वास येतो आणि बोटांना लव लागते. हायड्रेंजियाचं पान जाड, गुळगुळीत, बिनवासाचं. शिवाय हजारी मोगरा जमिनीखालून फुटवे काढत हातपाय पसरतो, हायड्रेंजिया आपल्या बुंध्यापाशी झुडूप करून राहतो. बाईंना मी हे सांगितलं नाही. फुटवा विहिरीपलीकडे लावला, तो आता आवरत नाही.

फुलाची ओळख याहून मजेची. गुच्छात ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो त्या पाकळ्या नसतातच, ती निदलं असतात, म्हणजे एरवी पाकळ्यांच्या बाहेर जी हिरवी दलं दिसतात ती. कोकणातल्या माणसाला हे भूतकेसावरून चटकन कळेल (कुणी त्याला सरवड म्हणतं). पावसाळ्यात रानात नारिंगी रंगाच्या इवल्या फुलाशेजारी जे पांढरंशुभ्र पान लोंबतं, ते त्या फुलाचं वाढलेलं निदल. हायड्रेंजियात बहुधा चार निदलं मिळून एक 'फूल' दिसतं आणि मधोमध जो बारीक ठिपका असतो ते खरं फूल. निदलं लवकर कोमेजत नाहीत, म्हणून तर हे गुच्छ इतके टिकतात. सगळा गुच्छ अशा मोठ्या फुलांनी गोल भरलेला असेल तर तो मॉपहेड. मधे खऱ्या बारीक फुलांचा चपटा घोस आणि कडेने मोठ्या फुलांची फक्त ओळ असेल तर लेसकॅप. मला स्वतःला लेसकॅप जास्त आवडतो, पण आपल्याकडच्या नर्सरीत तो मागूनही मिळत नाही.

मॉपहेड आणि लेसकॅप दोन्ही एकाच जातीचे, मॅक्रोफायला. मूळ जपानचे. कात्री हातात घेण्याआधी जात ठाऊक हवी, कारण मॅक्रोफायलाचं फूल गेल्या वर्षीच्या फांदीवर येतं. पॅनिक्युलाटा नावाची जात वेगळी, तिचे गुच्छ शंकूसारखे निमुळते आणि ते त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर येतात. अर्बोरेसेन्सचंही तसंच. मोबाइलवर छाटणीचे जे परदेशी व्हिडिओ दिसतात त्यांत माणूस हिवाळा सरताना झाड गुडघ्याएवढं उतरवतो आणि पुढच्या दृश्यात ते फुलांनी लगडलेलं असतं. ते झाड पॅनिक्युलाटा किंवा अर्बोरेसेन्स असतं. आपल्या मॅक्रोफायलाला तसं केलं तर त्या वर्षीची सगळी फुलं कापून टाकल्यासारखं होईल.

पण माझं झाड तर मी छाटलंच नव्हतं. मग फुलं गेली कुठे?

उत्तर रात्रीच्या थंडीत होतं. मॅक्रोफायलाचा फुलाचा डोळा फांदीच्या टोकाला धरतो आणि तो धरायला रात्री गार लागतात. साधारण १८ अंशांच्या खालच्या रात्री, सलग सहा आठवडे तरी. वेंगुर्ल्यात जानेवारीतल्या पहाटेलाही पारा कसाबसा तिथवर उतरतो, आणि उतरला तरी टिकत नाही. महाबळेश्वरहून आलेल्या झाडाने पहिल्या वर्षी फुलं दाखवली ती तिथल्या थंडीत धरलेल्या डोळ्यांची. लोक खाऱ्या वाऱ्याला दोष देतात तो उगाच. अटलांटिक महासागरातल्या अझोर्स बेटांवर शेतांच्या बांधांना हायड्रेंजियाचीच कुंपणं आहेत, त्यांतल्या फायाल बेटाला तर निळं बेट म्हणतात. समुद्र तिथेही आहे. आपल्यासारखा उकाडा नाही.

काकींना हे सांगितलं तर त्यांनी क्षणात तोडगा काढला. "मगे धाड त्येका आंबोलीक. हवापालट होतलो तेचो." आंबोलीला माझी आत्ये राहते. वेंगुर्ल्याहून पन्नास-साठ किलोमीटर, पण उंची ६९० मीटरच्या आसपास, आणि दिवाळी सरली की रात्री तिथे गोधडी लागते. बोलणं थट्टेवारी चाललं होतं, पण चूक काढायला जागा नव्हती. झाड कुंडीत होतंच. दिवाळीनंतर ती कुंडी एसटीने वर गेली. पाठच्या सीटखाली ठेवली, लगेजचं तिकीट काढलं. घाटातल्या वळणांवर ती कलंडू नये म्हणून मी पायाने दाबून धरली होती. आत्येने ती पूर्वेच्या पडवीत ठेवली. तिला काम एवढंच, माती सुकली की पाणी आणि खत अजिबात नाही.

शिमग्याच्या आधी कुंडी खाली आणली तेव्हा फांद्या जवळजवळ निष्पर्ण होत्या. आत्येला वाटत होतं झाड गेलं. मी नखाने फांदीची साल जराशी खरवडली. आत ओला हिरवा रंग दिसला म्हणजे फांदी जिवंत, तपकिरी भुसा निघाला तर मेलेली. सगळ्या हिरव्या होत्या. आणि टोकाचे डोळे! बाजूचे डोळे बारीक, टोकदार, फांदीला चिकटलेले. टोकाचा मात्र टपोरा, फुगीर. त्यातला एक उमलताना मी रोज बघत होते. आधी दोन पानं बाजूला झाली, मग त्यांच्या बेचक्यात हिरवट दाण्यांचा घट्ट पुंजका दिसला, ब्रोकोलीचा तुरा असतो तसा. तो दिसला आणि मी सरळ काकींच्या दारात गेले.

आता छाटणी. ती करायची फुलं ओसरल्यावर लगेच. गुच्छ हिरवट पडून निदलं खाली मान घालायला लागली की सिकेटर घ्यायचं. गुच्छाच्या खाली फांदीवरून बोट फिरवत यायचं. जिथे समोरासमोर चांगल्या भरलेल्या डोळ्यांची पहिली जोडी लागते तिच्यावर बोटाच्या पेराएवढी जागा सोडून कापायचं. याहून खाली जायचा मोह आवरावा. ज्या फांद्यांना फूल आलं नाही त्यांना हात लावायचा नाही, पुढच्या वर्षीची आशा त्यांच्यावरच असते. झाड चार-पाच वर्षांचं होऊन आतून दाटलं की सगळ्यांत जुन्या, राखाडी पडून साल सुटलेल्या फांद्यांपैकी थोड्या दरवर्षी मुळापासून काढाव्यात. एका वेळी तिसरा हिस्सा पुरे. मेलेली काडी केव्हाही काढा.

माझा नेम असा की नारळी पौर्णिमेनंतर या झाडाला कात्री लावायची नाही. त्या सुमारास आलेली फूट दिवाळीपर्यंत पक्की होते आणि डोळा धरायला तयार असते. उशिरा छाटलं तर फूट कोवळीच वर जाते आणि थंडी वाया जाते.

रंगाबद्दल लोक सगळ्यांत जास्त विचारतात, आणि इथे मात्र कोकणाने मला काही न करता दिलं. गुलाबी आणि निळा या दोन्ही रंगांमागे रंगद्रव्य एकच असतं. मुळांनी ॲल्युमिनियम उचललं की तेच निळं दिसतं. मातीचा सामू (म्हणजे पीएच, माती जितकी आंबट तितका तो कमी) साडेपाचच्या खाली असेल तर ॲल्युमिनियम मुळांना मिळतं, साडेसहाच्या वर गेला की मातीतच अडकून राहतं. आपली जांभ्याची माती आंबट. तिच्यातला लाल रंग लोखंडाचा, तो डोळ्यांना दिसतो. त्याच्याच जोडीला तिच्यात भरपूर ॲल्युमिनियम असतं, ते दिसत नाही इतकंच. रत्नागिरी जिल्ह्यात बॉक्साइटच्या खाणी आहेत त्या काही उगाच नाहीत. नर्सरीतली कोकोपीटची माती झटकून मी कुंडी गडग्याकडच्या लाल मातीने, शेणखताने आणि पालापाचोळ्याने भरली होती. आंबोलीहून परतल्यावर आलेले गुच्छ आधी जांभळट आणि त्याच्या पुढच्या वर्षी चक्क निळे. रंग एका रात्रीत पालटत नाही, हंगाम जावा लागतो.

या निळ्याला आपल्या घरात दोन शत्रू. एक चुलीची राख. 'झाडाला राख चांगली' हे आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ, पण राखेने सामू वाढतो. दुसरा चुना. सफेदी केलेल्या भिंतीला लागून किंवा सिमेंटच्या नव्या कुंडीत झाड लावलं तर चुना झिरपत राहतो. मग रंग तर जातोच, शिवाय पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, म्हणजे लोह मिळेनासं झालं. हाडांचा चुरा, डीएपी, सुपर फॉस्फेटही नको, त्यांतलं स्फुरद (फॉस्फरस) ॲल्युमिनियमला बांधून ठेवतं. कुणी गंजके खिळे पुरायला सांगतं. लोखंडाने निळा येत नाही, आणि लोखंडच हवं तर जांभ्यात काय कमी आहे? कोकोपीटमध्येच वाढवणार असाल तर तुरटीचं पातळ पाणी अधूनमधून द्यावं, तुरटीत ॲल्युमिनियम असतं. पांढऱ्या जातीपुढे मात्र हे सगळे उपाय फुकट, ती पांढरीच राहते.

देखभालीचं बाकी सोपं. सकाळचं ऊन चालतं, दुपारचं नाही. माझी कुंडी माड-पोफळीच्या सावलीत, न्हाणीघराच्या पूर्वेला असते. एप्रिल-मे महिन्यात दुपारी पानं अशी लोळतात की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. धावत जाऊन पाणी ओतू नका, आधी मातीत बोट घाला. ओल असेल तर संध्याकाळी झाड आपसूक उभं राहतं. ओल असताना पुन्हा पुन्हा पाणी देऊन मुळं कुजवलेली झाडं मी जास्त पाहिली आहेत. विहिरीचं पाणी मे अखेरीस मचूळ होत असेल तर पानांच्या कडा करपतात, तेव्हा साठवणीचं गोडं पाणी द्यावं. मिरगाआधी कुंडी चिऱ्यांवर उचलून ठेवायची, खालचं भोक तपासायचं आणि पागोळीच्या धारेखालून ती हलवायची. पावसात पानांवर तांबूस-जांभळे ठिपके येतात. ती पानं खुडून कुंडीपासून लांब पुरते, औषध मारत नाही.

त्याच पावसात काड्या लागतात, आणि आपल्या दमट हवेत त्या इतक्या सहज लागतात की हौस आवरावी लागते. बिनफुलाच्या फांदीचं वीतभर टोक घ्यायचं, खालची पानं काढायची, वरची दोन अर्धी कापायची आणि वाळू-मातीत खोचून सावलीत ठेवायचं. महिन्याभरात हलकेच ओढून पाहिलं तर मूळ अडकलेलं कळतं. अशीच एक काडी मी जमिनीत लावली होती. झुडूप छान झालं आहे, ते कुठे जात नाही, आणि त्याला आजवर एक मुठीएवढा गुच्छ आला, तोही एका थंड हिवाळ्यानंतर.

त्यामुळे कुणी काडी मागितली की मी पहिलं विचारते, घाटमाथ्यावर कुणी नातेवाईक आहे का? असेल तर काडी देते, कुंडीतच वाढवायला सांगते आणि एसटीत ती कुठे ठेवायची तेही. नसेल तर सरळ भूतकेस लावा म्हणते. तो इथलाच, पावसात आपोआप फुलतो, आणि त्याला आंबोलीला न्यावं लागत नाही.