प्लांटमधलं उत्तर, पेपरातलं उत्तर

क्यूसीत, म्हणजे औषधांच्या गुणवत्ता तपासणीत, काम करणाऱ्यांना जीपॅट ही परीक्षा सोपी जाते, असा एक समज आमच्याकडे घट्ट बसला आहे. आमच्याकडे म्हणजे घरी, इंदूरच्या सुदामा नगरात, आणि पीथमपूरच्या ज्या औषध कारखान्यात मी बी.फार्मनंतर नोकरीला लागले तिथेही. आईने तर शेजारच्या काकूंना सांगूनही टाकलं, "हिला कसला अभ्यास लागतोय, दिवसभर औषधातच तर असते." कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारी पॅकिंगची ताईही हेच म्हणते. मला मात्र उलटंच वाटायला लागलंय. कॉलेजातून थेट परीक्षेला बसणाऱ्या पोरांपेक्षा आम्हा नोकरीवाल्यांना एक काम जास्तीचं असतं. हाताला जे पक्कं ठाऊक झालंय, ते तीन तासांपुरतं बाजूला ठेवता यायला हवं.

हे प्रकरण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जीपॅट ही एम.फार्मच्या प्रवेशासाठीची देशपातळीवरची परीक्षा. आधी एआयसीटीई घ्यायची, २०१९ पासून एनटीए घ्यायला लागली आणि २०२४ पासून ती एनबीईएमएसकडे गेली, म्हणजे नीट-पीजी घेतात त्यांच्याकडे. कॉम्प्युटरवर १२५ प्रश्न, तीन तास. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा, एकूण ५००. पात्र ठरून एम.फार्मला जागा मिळाली तर महिन्याला १२,४०० रुपये शिष्यवृत्तीही आहे. माझा डोळा इथल्याच जीएसआयटीएस कॉलेजवर आहे, कारण घरापासून लांब जायचं नाही. हे कारण फारसं भारदस्त नाही, पण खरं आहे.

तर, हाताला ठाऊक असलेलं. फ्रायेबिलिटी घ्या, म्हणजे गोळी आपटून-घासून किती झिजते ती चाचणी. पारदर्शक प्लास्टिकचा चपटा ड्रम, आत एक वाकडं पातं. गोळ्या आधी मऊ ब्रशने झटकायच्या, वजन करायचं, मग ड्रममध्ये टाकायच्या. ड्रम मिनिटाला २५ फेरे घेतो, चार मिनिटांत १००. दर फेऱ्याला पातं गोळ्यांना वर नेतं आणि सहा इंचांवरून सोडून देतं. टप्, टप्, टप्. ड्रम थांबला की आतल्या बाजूला पांढरी पिठी बसलेली दिसते. ती किती बसली आहे यावरून आमचे सिनियर सर वजन न करताच सांगतात, "पास आहे, लिही." क्वचित एखाद्या गोळीची टोपी उडालेली असते, वरचा पापुद्रा अख्खा सुटून आलेला. तिला कॅपिंग म्हणतात. तशी एक जरी सापडली तरी पुढे वजन करण्यात अर्थ उरत नाही. बाकी सगळं नीट असलं की पुन्हा ब्रश, पुन्हा वजन, घट किती टक्के ते काढायचं.

फार्माकोपियाची, म्हणजे औषधांच्या मानकांच्या ग्रंथाची, मर्यादा १ टक्का. पण आमच्या प्लांटच्या कागदावर ती त्याहून कडक आहे, कारण त्या गोळीला बाजारात पोहोचेपर्यंत राऊच्या रस्त्यापासून गुवाहाटीपर्यंतचे धक्के खायचे असतात. आता समोर चार पर्याय आले, ०.५, ०.८, १ आणि २, की क्यूसीवाल्याचा हात आपोआप रोजच्या आकड्याकडे जातो. कॉलेजातल्या मुलाच्या डोक्यात १ सोडून दुसरा आकडाच नसतो. तो चार गुण घेऊन पुढे निघून जातो.

कार्ल फिशरचंही तसंच. औषधात पाणी किती आहे हे मोजायची ही पद्धत. पुस्तकात अभिकर्मकाचे घटक चार: आयोडीन, सल्फर डायऑक्साइड, पिरिडीन, मेथनॉल. आमच्या लॅबमधल्या बाटलीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे की यात पिरिडीन नाही. त्याचा वास इतका घाणेरडा असतो की लोकांनी केव्हाच त्याच्या जागी इमिडाझोल आणलं. प्रश्न मात्र येतो तो पिरिडीनवाल्या जुन्या चौकडीचा. उलट डायसोडियम टार्ट्रेटमध्ये पाणी १५.६६ टक्के, हा आकडा पुस्तकातून पाठ करणाऱ्यांना छळतो आणि आम्हाला झोपेतून उठवून विचारला तरी येतो, कारण अभिकर्मकाचा फॅक्टर, म्हणजे त्याच्या एका मिलिलिटरला किती पाणी लागतं ते, त्यावरूनच काढतो.

पॅरासिटामॉलची गंमत तर याहून मोठी आहे. इथे सॅम्पल सरळ एचपीएलसीला, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला, लागतं, तासाभराने पीक दिसतं, हिशेब संगणक करतो. पुस्तकातलं पॅरासिटामॉल अजून ब्युरेटखाली उभं आहे: सेरिक अमोनियम सल्फेट, फेरॉइन इंडिकेटर. गोळी असेल तर यूव्ही, २५७ नॅनोमीटर, आणि हिशेबात घ्यायचा शोषणाचा ठरलेला आकडा ७१५. हा ७१५ मी एका चिठ्ठीवर लिहून आरशाच्या कोपऱ्यात खोचला होता. बाबांना वाटलं कुणाकडून पैसे यायचे आहेत.

आणि डिसोल्यूशन, म्हणजे गोळीतलं औषध किती विरघळतं ती चाचणी! आमचा माल बराचसा अमेरिकेला जातो, त्यामुळे बोलण्यात सगळं यूएसपीचं, म्हणजे अमेरिकन फार्माकोपियाचं. ॲपरेटस एक म्हणजे बास्केट, दोन म्हणजे पॅडल. आयपीच्या, म्हणजे भारतीय फार्माकोपियाच्या, ज्या आवृत्त्यांवर आम्ही बी.फार्म केलं त्यात हे नेमकं उलटं, पॅडल पहिलं आणि बास्केट दुसरं. पेपर काढणाऱ्याला याच्याइतका लाडका प्रश्न दुसरा नसावा. गोळ्यांच्या वजनात किती टक्के फरक चालतो त्याचंही तेच. आयपीच्या पायऱ्या ८० आणि २५० मिलिग्रॅमला बदलतात, यूएसपीच्या १३० आणि ३२४ ला. टक्के तेच, दहा, साडेसात, पाच. म्हणून प्रश्नात "ॲज पर" नंतर काय लिहिलंय ते आधी वाचायचं, मग गोळीचं वजन.

यावर मी एक वही केली आहे. डावीकडे "कंपनी", उजवीकडे "किताब". (किताब म्हटलं की पुण्याची मामेबहीण हसते. हसू दे.) दिवसभरात लॅबमध्ये एखादी गोष्ट केली की ती डाव्या रकान्यात, आणि रात्री पुस्तकात त्याबद्दल काय म्हटलंय ते उजवीकडे. जिथे दोन्ही जुळतात तिथे काही करायचं नाही. जिथे जुळत नाहीत तिथे लाल रेघ. पेपराच्या आदल्या रात्री फक्त लाल रेघा वाचायच्या असा बेत आहे.

ज्युरिसप्रुडन्स, म्हणजे औषधांचे कायदे, मी काकांच्या मेडिकलमध्ये शिकले, असं म्हटलं तरी चालेल. लोकमान्य नगरात त्यांचं दुकान आहे, डी.फार्म करून बसलेत ते. कायदा म्हणजे वर्षं आणि फॉर्म यांची भेळ: १९४० चा औषध कायदा, १९४५ चे नियम, १९४८ चा फार्मसी ॲक्ट, १९५४ चा जादुई उपायांवरचा, १९८५ चा अमली पदार्थांवरचा एनडीपीएस. वर्षं घोकावीच लागतात. पण फॉर्म भिंतीवर टांगलेले असतात! कुठल्याही मेडिकलमध्ये काउंटरच्या मागे चौकटीत पाहा, फॉर्म २० आणि २१, किरकोळ विक्रीचे. दवा बाजारात कुणा होलसेलवाल्याकडे गेलात तर तिथे २०बी आणि २१बी. इतक्या वर्षांत मी काकांच्या दुकानात हजारदा गेले असेन, त्या चौकटींकडे कधी मान वर करून बघितलं नव्हतं. शेड्यूल एक्ससाठी, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीसाठी, २०एफ वेगळा लागतो, तो काकांकडे नाही. का नाही विचारलं तर म्हणाले, "अगं, ती कटकट कोण सांभाळेल?" आता २०एफ मी विसरणं शक्य नाही.

शेड्यूल एच१ या यादीतल्या औषधांच्या विक्रीचं रजिस्टर मात्र त्यांनी माझ्या गळ्यात घातलं. संध्याकाळी अभ्यासाला म्हणून गेले की समोर सरकवतात. सेफिक्झिम या अँटिबायोटिकची चिठ्ठी आली: डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. ही नोंदवही तीन वर्षं जपायची असते. २०१३ मध्ये हे शेड्यूल आलं ते मुख्यतः अँटिबायोटिक आणि टीबीची औषधं चणेफुटाण्यांसारखी विकली जाऊ नयेत म्हणून. आल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल ही मंडळीही त्यातच. एक-दोन पानं हाताने लिहिली की ती यादी पाठ करावी लागत नाही. काका विचारतात, "हे विचारतात पेपरात? मग मलाच बसव की." मी म्हटलं, "बसा, पण चुकलं की एक वजा." म्हणाले, "इथे चुकलं तर लायसन जातं."

फार्माकोग्नॉसीला, म्हणजे वनस्पतींसारख्या नैसर्गिक औषधांच्या विषयाला, पेपरात दहाच प्रश्न, म्हणून बहुतेक जण तो विषय ऑप्शनला टाकतात. मला ते पटत नाही. माळव्यात राहून तर मुळीच नाही. माझी मावशी मंदसौरला असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिकडे गेलात तर रस्त्याकडेला अफूची शेतं दिसतात, परवान्याची. हिरव्या कच्च्या बोंडाला संध्याकाळी चिरा देतात, रात्रभर चीक झिरपतो आणि सकाळी तो काळपट झालेला खरवडून घेतात. पोपटांना त्या बोंडांची चटक लागते म्हणून कुठे कुठे जाळ्याही लावलेल्या असतात. सरकारी अफू आणि अल्कलॉइड कारखाना नीमचला, दुसरा गाझीपूरला, आणि परवाने देणाऱ्या सेंट्रल ब्युरो ऑफ नार्कोटिक्सचं मुख्यालय आपल्या ग्वाल्हेरला. म्हणजे पपाव्हर सोम्निफेरम, अफूचं झाड, हा आमच्यासाठी पुस्तकातला फोटो नाही. मॉर्फीन, कोडीन, थिबेन, पापाव्हरीन, नॉस्कॅपीन हे सगळं टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनतं, हे मी मावशीच्या ओसरीवर बसून पाठ केलं. धोत्रा आणि बेलाडोनातली अल्कलॉइडं ऑर्निथिनपासून, व्हिंका (सदाफुली) आणि अर्गटमधली ट्रिप्टोफॅनपासून. या तीन अमिनो आम्लांवर हमखास काहीतरी येतं. नीमच मंडीतला इसबगोल आणि अश्वगंधा हे आणखी दोन. रंगाच्या चाचण्या तेवढ्या घोकल्या: सोनामुखीला बॉर्नट्रेगर, ॲट्रोपीनला व्हिताली-मोरीन, डिजिटॅलिसला केलर-किलियानी, कॅफीनला म्युरेक्साइड.

घोकंपट्टीला नावं ठेवायची आपल्याकडे फॅशन आहे. काही गोष्टींना दुसरा इलाजच नसतो. एखादं संयुग कुठल्या तरंगलांबीचा यूव्ही प्रकाश शोषेल ते सांगणाऱ्या वुडवर्डच्या नियमात बेस व्हॅल्यू २१४ की २१५ की २५३ हे समजून घेऊन कळणार आहे का? पाठच करा.

बसमध्ये लिहिता येत नाही, रस्ता तसा नाही. राजेंद्र नगरला चढल्यापासून प्लांटच्या गेटपर्यंत मी फक्त फार्माकॉलॉजी तोंडी करते. ओलॉल, प्रिल, सार्टान, ग्लिप्टिन, शेपटीवरून गट ओळखायचा. पॅकिंगच्या ताईला बीपी आहे, तिला टेल्मिसार्टान चालू आहे. एसीई इनहिबिटरने, म्हणजे प्रिलवाल्या गोळ्यांनी, कोरडा खोकला होतो आणि सार्टानने तितका होत नाही, कारण खोकला आणणारं ब्रॅडिकायनिन साचत नाही, हे मी तिला समजावलं. तिने लगेच भर घातली, "म्हणूनच डॉक्टरांनी आधीची गोळी बदलली होती, रात्रभर खोकायचे मी." अख्खा धडा एका वाक्यात संपला.

क्लासचं विचाराल तर भंवरकुआँला कोचिंगची कमी नाही, पण तिथली गर्दी एमपीपीएससी आणि तत्सम परीक्षांची. जीपॅटचे क्लास बहुतेक मोबाइलवर. मी एका ठिकाणी पैसे भरले. व्हिडिओ बरे होते, पण ज्या टेस्ट सिरीजसाठी घेतलं होतं तिच्यात जुन्या चुकीच्या उत्तरपत्रिका जशाच्या तशा टाकलेल्या. तक्रार केली, उत्तर आलं नाही. त्यापेक्षा जुने पेपर आणि पीसीआयचा (फार्मसी कौन्सिलचा) बी.फार्मचा अभ्यासक्रम समोर ठेवून बसलेलं बरं. मॉक मात्र घड्याळ लावूनच द्यायला हवी. एनबीईएमएसने पेपर वेळेच्या कप्प्यांत बांधलाय, एका कप्प्याची वेळ संपली की त्यातल्या प्रश्नांकडे परत जाता येत नाही. "नंतर बघू" ही आपली आवडती सवय तिथे चालत नाही.

कॉलेजच्या जुनियर मुली विचारतात, नोकरी सोडून अभ्यास करू का? घरच्यांवर भार पडत नसेल आणि ऑरगॅनिक अगदीच कच्चं असेल तर सोडा. ऑरगॅनिकला सलग बैठक लागते, शिफ्टनंतर उरलेल्या तासाभरात अभिक्रियांचे बाण काढून होत नाहीत. बाकीच्या विषयांसाठी सोडू नका. पगारही मिळतो आणि लाल रेघाही.

माझं सध्या हेटरोसायकल चालू आहे, म्हणजे कार्बनच्या कड्यात नायट्रोजनसारखा दुसरा अणू बसलेली संयुगं आणि त्यांतल्या अणूंचे क्रमांक. क्विनोलीनमध्ये नायट्रोजन एकवर, आयसोक्विनोलीनमध्ये दोनवर, इथवर ठीक. प्युरीन आणि ॲक्रिडीन मात्र नियमाला धरून चालतच नाहीत, आणि ॲक्रिडीनचा नायट्रोजन दहावर का जाऊन बसतो हे मला कुणी गळी उतरवलेलं नाही. लक्षात ठेवायची काही चांगली युक्ती असेल तर कळवा, मराठीत असली तर अजून उत्तम.