फुकटची वाटी

बारची परीक्षा कशावरून करावी, यावर आमच्या मित्रमंडळींत जुना वाद आहे. एक म्हणतो, पेग डोळ्यांदेखत मापून देतात का बघ. दुसरा म्हणतो, आधी मोरी बघ. (हा निकष अगदीच टाकाऊ नाही.) माझं मत असं की बसल्याबरोबर, आपण काही मागायच्या आत जी वाटी समोर येते, तिच्यात काय आहे ते बघावं. ती फुकट असते. तिच्याबद्दल तक्रार करायचा कुणाला हक्क वाटत नाही, कौतुक करायचं कुणाला सुचत नाही आणि बिलात तिचा उल्लेख नसतो. तिथे बेफिकिरी केली तरी कुणी विचारणार नाही. म्हणून तिथेच मालकाची नियत कळते.

बहुतेक बारमध्ये या वाटीत तळलेली पिवळी मूगडाळ असते, नाहीतर रंगीत नळ्या, नाहीतर खारे दाणे. मीठ सढळ हाताने. मिठाने तहान लागते आणि तहान लागली की वेटर मान तिरकी करून विचारतो, ‘‘साहेब, रिपीट?’’ धंदाच आहे तो, त्याला नावं कशाला ठेवायची? पण परळच्या आमच्या गल्लीतल्या बारमध्ये वाटीत उकडलेले चणे येतात. काळे चणे, आदल्या रात्री भिजवलेले, बोटांत दाबले तर सालीसकट चेपणारे. वर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, एखादी सुकी मिरची आणि चिमूटभर ओलं खोबरं. मीठ बेताचं. मालक कुंदापूरकडचे. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो आणि ते आम्हा सगळ्यांना साहेब म्हणतात, त्यामुळे नावं लक्षात ठेवायचा त्रास दोन्ही बाजूंना नाही.

पाटीवर बारच्या नावाखाली अजून ‘परमिट रूम’ असं लिहिलेलं आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून जिवंत आहे, त्यामुळे कागदोपत्री इथे बसलेल्या प्रत्येकाकडे परवाना असायला हवा. एका दिवसाचा पाच रुपयांना मिळतो. हा परवाना देतात तो प्रकृती राखण्यासाठी. संध्याकाळी सात वाजता तळमजल्यावर नजर टाकावी. सगळे प्रकृतीची काळजी घेत बसलेले असतात. वयाचंही गंमतशीर आहे: बिअरला एकवीस पूर्ण हवीत, व्हिस्कीला पंचवीस. मधली चार वर्षं बहुधा सरावासाठी ठेवली असावीत.

मी पिणाऱ्यांत फार कच्चा. एक बिअर, तीही शेवटी कोमट होते. मी जातो खायला. हे सांगितलं की लोक हसतात, पण बारच्या खाण्यासारखं खाणं दुसरीकडे नाही. घरी ताट वाढलं की ते संपवायचं असतं. उडप्याकडे डोसा संपायच्या आधीच पुढचं गिऱ्हाईक खुर्चीमागे उभं असतं. इथे बशी संपवण्याची कुणालाच घाई नाही. एक तुकडा उचलायचा, समोरच्याचं बोलणं ऐकायचं, टीव्हीवर आवाज बंद करून लावलेल्या मॅचकडे बघायचं, मग दुसरा तुकडा. दीड-दोन तास असे लांबवता येतील असे पदार्थ करणं हे साधं काम नव्हे. गार झाल्यावरही चव राहिली पाहिजे.

चिकन सुक्का त्या परीक्षेत पहिला येतो. ब्याडगी मिरचीचा रंग, भाजलेलं खोबरं हाडाला चिकटलेलं. गार झालं की खोबरं अजून चिकटतं आणि शेवटी बशीच्या कडेला जो चुरा उरतो, त्यावरून आमच्या टेबलावर मैत्री तुटायची वेळ आलेली आहे. बोंबील मात्र त्या परीक्षेत नापास. तो तव्यावरून आला की लगेच खायचा. बोंबलात मुळात पाणीच पाणी. त्याला उभा चिरून उघडायचा, मधला काटा काढायचा, मीठ लावून दोन फळ्यांमध्ये ठेवायचा आणि वर चांगलं जड वजन. पाणी निथळलं की मग हळद, तिखट, आलं-लसूण, कोकमाचं आगळ, आणि शेवटी रवा नि तांदळाच्या पिठात घोळवून थेट तव्यावर. फळीखाली अर्धा तास कमी पडला तर तव्यावर त्याची चिखलदशा होते. अण्णांकडे फळीवर वरवंटा असतो. मी एकदा आत डोकावून बघितलाय. बाहेरून कडकडीत आणि आतून जिभेवर नुसता विरघळणारा बोंबील तिथून येतो.

१ जूनपासून दोन महिने समुद्रात मासेमारी बंद असते. तेव्हा बोंबील मागितला तर अण्णा स्वतः टेबलाशी येऊन हळूच म्हणतात, ‘‘नको साहेब, फ्रोजन आहे.’’ मेनूकार्डावर असलेला, फ्रीजमध्ये पडून असलेला माल विकू नये म्हणून धडपडणारा दुकानदार मी दुसरा पाहिलेला नाही. मला वाटतं, चण्यात मीठ बेताचं टाकणारा आणि हा, एकच माणूस आहे.

त्यापुढे श्रावण. गटारीला पाय ठेवायला जागा नसते आणि दुसऱ्या दिवशी बारमध्ये माश्या मारायची वेळ. श्रावण पाळणाऱ्यांत दोन पंथ आहेत. पहिला सगळंच सोडतो. दुसरा फक्त मांस-मासे सोडतो आणि ग्लास समोर ठेवून कांदाभजी मागवताना सात्त्विक चेहरा करतो. या दुसऱ्या पंथाच्या जिवावर अण्णांचा महिना निघतो. भजी, मसाला पापड, पनीर चिली. मेनूत ‘चीज-चेरी-पायनॅपल’सुद्धा आहे, टूथपिकला टोचलेलं. ते मागवताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही, पण ते कार्डावरून काढायला अण्णा तयार नाहीत. बार म्हटला की ते पाहिजेच, असं त्यांचं म्हणणं.

आजूबाजूच्या गिरण्या गेल्या, टॉवर आले आणि टॉवरखाली काचेचे बार आले. मित्राच्या बढतीची पार्टी अशा एका ठिकाणी होती. तिथे दाणे मेनूत होते, किमतीसकट. दाणे बरे होते. पण विकत घेतलेल्या दाण्यांची मूठ भरताना हात आखडतो, मोजून खाल्ले जातात.

अण्णांकडे बिल येतं ते दोन कागदांचं. खाण्यावर जीएसटी आणि दारूवर व्हॅट, म्हणून हिशेब वेगळे. माझा खाण्याचा कागद दारूच्या कागदापेक्षा नेहमी लांब असतो. अब्रूचा पुरावा म्हणून तो मी घरी दाखवायला नेत असे. बायकोने एकदा तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, ‘‘सुक्का, बोंबील, नीर डोसा. आणि घरी काय आणलंस?’’ तेव्हापासून पार्सल सुरू झालं. पण पार्सलच्या डब्यात वाफ धरते, बोंबील मऊ पडतो आणि हे तिच्याही लक्षात यायला वेळ लागला नाही. येत्या शनिवारी ती स्वतः येणार आहे. वर, फॅमिली रूममध्ये. तिथे एसी आहे, म्हणजे दरही वरचे.