हातमोज्याची दोन रिकामी बोटं

हातमोजा एक माप मोठा होता म्हणून प्रेसवरच्या ऑपरेटरची बोटं वाचली. प्रेसखाली कापली गेली ती मोज्याची पुढची टोकं, आत काहीच नसलेली. तो हात छातीशी धरून उभा होता आणि डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, कापडाचे दोन तुकडे पडले होते. मालक आले, म्हणाले, "लागलं नाही ना? मग चालू करा." मीही चालू करायलाच निघालो होतो. शिफ्टचा उत्पादनाचा आकडा मागे होता.

तेवढ्यात बटणांकडे नजर गेली. या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच स्ट्रोक पडतो, म्हणजे प्रेसचा वरचा जड भाग (स्लाइड) खाली येतो, आणि त्या क्षणी हात डायपासून लांबच असतात. आमच्या मशीनवर डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. एक हात जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावायला मोकळा! खरं सांगायचं तर ती पाचर मला नवी नव्हती. बरेच दिवस येता-जाता दिसत होती. त्या मशीनचा आकडा वाढला तेव्हा मी शाबासकी दिली होती, कसा वाढला ते विचारलं नव्हतं.

प्रेस मी बंद ठेवली. मालक चिडले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच सुरक्षेचं सगळं काम माझ्या गळ्यात घातलं. मी काय केलं? हेल्मेट, गॉगल, नवे हातमोजे मागवले. भिंतीवर पाट्या लावल्या. 'थोडक्यात वाचलो' असे प्रसंग लिहायला एक रजिस्टर ठेवलं, त्यात नाव आणि सहीचा रकाना. महिनाभर ते कोरं राहिलं. म्हटलं, बघा, धोका काही नाहीच.

मग बाहेरून एक सल्लागार बाई आल्या. त्यांनी पहिल्याच फेरीत ड्रिल मशीनवरच्या पोराला हातमोजे काढायला लावले. मी म्हटलं, अहो, कालच दिलेत. त्या म्हणाल्या, फिरत्या ड्रिलमध्ये मोज्याचा धागा जरी अडकला तरी तो मोज्यासकट हात ओढून घेतो. माझी सुरुवातच उलट्या टोकाने झाली होती. आधी धोका मुळातून काढता येतो का ते बघायचं. नाही जमलं तर कमी धोक्याचा पर्याय, मग मशीनला गार्ड, मग कामाची पद्धत आणि प्रशिक्षण. अंगावर घालायच्या वस्तू सगळ्यात शेवटी, कारण तिथे सगळी भिस्त माणसाच्या लक्षात राहण्यावर असते.

त्यांनी हाइनरिक या अमेरिकी सुरक्षा-तज्ज्ञाचं 1931 सालचं गणितही सांगितलं: एका गंभीर अपघातामागे 29 किरकोळ दुखापती आणि 300 नुसते हुकलेले प्रसंग. हे आकडे सगळीकडे असेच बसतील यावर माझा विश्वास नाही, आणि त्यांवर टीकाही बरीच झाली आहे. पण आमचं रजिस्टर कोरं होतं आणि डायमध्ये मोज्याची बोटं सापडली होती, एवढं मला पुरलं.

रजिस्टर काढलं. त्याजागी बिननावाची कार्डं आणि एक पेटी ठेवली. पहिलं कार्ड आलं: 'वरच्या रॅकची शिडी हलते.' त्याच दिवशी शिडी बदलली. बस्, दुसऱ्या आठवड्यात पेटी भरली.

पाचरीचं उत्तर मात्र कार्डात नव्हतं. मी त्या ऑपरेटरलाच विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "साहेब, तुम्ही तासभर बसून बघा." बसलो. बटणं खांद्याच्या वर होती. वीस मिनिटांत डावा खांदा भरून आला. हा माणूस आठ तास ते करत होता, वर आकड्यासाठी मी मागे उभा. त्याला आळशी म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

बटणं कोपराच्या उंचीला आणली. डाय मिटायच्या आत हात तिथवर पोहोचणार नाही, इतकं अंतर मोजून ठेवलं. सर्किटही बदललं: आता दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबावी लागतात, आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक पडत नाही. पाचर मारली तर मशीन हलतच नाही. पहिले काही दिवस आकडा पडला. मालकांनी रोज विचारलं, मी रोज तेच उत्तर दिलं. नंतर आकडा सावरला, आणि दुपारनंतर जो माल रिजेक्ट व्हायचा तो कमी झाला. मालकांना पटलं ते यामुळे. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

कुलपांवरून सगळ्यात जास्त वाद झाला. दुरुस्तीला हात घालणाऱ्या प्रत्येकाने मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, म्हणजे मध्येच दुसरं कोणी मशीन चालू करणार नाही. फिटर काका हसले, "एवढी वर्षं आवाज देऊन काम केलं की." पण स्विच बंद केल्यावरही प्रेसचं चाक बराच वेळ फिरत राहतं, हवेच्या पाइपात दाब उरतो आणि वरचा स्लाइड खाली यायला टपलेला असतो. म्हणून कुलपाबरोबर दाब सोडायचा आणि स्लाइडखाली ठोकळा लावायचा, असंही ठरलं.

आणि मग आवाज. मी तो धोक्यात धरलाच नव्हता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2023 सालच्या अंदाजानुसार जगात कामाशी संबंधित कारणांनी वर्षाला सुमारे 29 लाख माणसं मरतात, त्यातली सुमारे 26 लाख आजारांनी. आपण मात्र रक्त दिसलं तरच धावतो. प्रेसजवळ मोजलं तर 97 डेसिबल. आठ तासांसाठी 85 ही मर्यादा धरली आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा केला, तर 97 ला अर्धा तास उरतो. आमची शिफ्ट आठ तासांची. हवेच्या गनचे नोझल बदलून, प्रेसखाली रबरी पॅड घालून थोडा आवाज उतरला. बाकीच्यासाठी अजून कान झाकणारे इअरमफच आहेत.

सगळ्यांचे कान तपासून घेतले. काकांच्या आलेखात 4000 हर्ट्झपाशी खोल खड्डा निघाला. सततच्या आवाजाने गेलेल्या कानाची ही नेहमीची खूण, आणि गेलेलं परत येत नाही. मागून हाक मारली की काका वळत नाहीत, म्हणून मी किती वेळा वैतागलो होतो. आता फोर्कलिफ्टला निळा दिवा बसवला आहे. ती यायच्या आधी त्याचा ठिपका जमिनीवर पुढे सरकत येतो, आणि काका तो पाहून बाजूला होतात.