आधी लॅब बघा, मग फी भरा

बडोदं. रविवार, रात्र.

निकाल लागलेत. दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात ज्या घरी दहावी-बारावीचं मूल आहे, तिथे सध्या दुसरा विषय नाही. मुलं म्हणतात, डिग्रीला आता कोण विचारतं, मोबाइलवर सगळं शिकता येतं. घरातले काका म्हणतात, आधी ग्रॅज्युएट हो, पुढचं पुढे बघू. दोन्ही बाजू ऐकल्या की वाटतं, प्रश्न थोडा सोडवून घ्यायला हवा. कॉलेजात जी फी भरतो तिच्यात परवान्याचे पैसे किती आणि शिकण्याचे किती, हे वेगळं काढल्याशिवाय उत्तर निघत नाही.

परवान्याचं लवकर उरकतं. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, नर्स, शाळेतला शिक्षक, या सगळ्यांना ठरलेला अभ्यासक्रम केल्याशिवाय कामाला हातच लावता येत नाही. यूपीएससी, जीपीएससी, बँकेतल्या अधिकारीपदाच्या परीक्षा यांना पदवी कुठल्याही शाखेची चालते, पण लागतेच. हालोल-पादऱ्याकडच्या औषध कंपन्यांत ज्याच्या देखरेखीखाली उत्पादन चालतं त्याची पात्रता नियमात लिहिलेली आहे. बी.फार्म. असेल तर पदवीनंतर दीड वर्षाचा प्रत्यक्ष अनुभव, रसायनशास्त्र मुख्य विषय घेऊन बी.एस्सी. असेल तर तीन वर्षांचा. इथे वाद घालण्यात अर्थ नाही, पदवी घ्यायची. उलट सीए बघा. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमीजिएट, दोन वर्षांची आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) आणि फायनल. बी.कॉम.ची अट नाही. तरी इथली बहुतेक मुलं जोडीने बी.कॉम. करतात आणि ते शहाणपणाचंच आहे, कारण फायनल अडकली तर हात रिकामा राहत नाही. प्रोग्रामिंग, डिझाइन, टॅलीवरचे हिशेब, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं) या कामांना कायदा पदवी मागत नाही. तिथे खरा प्रश्न सुरू होतो, की कॉलेजात शिकायला काय मिळतं?

हा प्रश्न या शहराला नवा नाही. बडोदा कॉलेज १८८१ चं. ते चालू असताना सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन वेगळं काढलं आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती दिलं. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, ड्रॉइंग हे विषय देशी भाषेतून, हाताने करून शिकवायचे, हा त्यामागचा विचार. दादासाहेब फाळके इथे शिकून गेले. पुढे १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून महाराजांनी सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं उभं करायला घेतलं. म्हणजे बी.ए.साठी कॉलेज, हातासाठी कलाभवन आणि ज्याला दोन्हीकडे जाता येत नाही त्याच्यासाठी ग्रंथालय. आज कलाभवनाच्या आवारात युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे. आपल्या मराठी घरांनी मात्र यातली पहिली वाट तेवढी घट्ट धरून ठेवली. गायकवाडांच्या चाकरीमुळे बरीचशी घरं इथे आली, चाकरीला कागद लागे, आणि कागद म्हणजेच शिक्षण असं पिढ्यान् पिढ्या मनात बसलं. आयटीआयचं नाव काढलं की अजूनही बैठकीत क्षणभर गप्प व्हायला होतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण कोयलीपासून नंदेसरीपर्यंतच्या प्लांटमध्ये आयटीआयमधून एओसीपी, म्हणजे केमिकल प्लांट ऑपरेटरचा दोन वर्षांचा ट्रेड केलेला मुलगा जे काम करतो ते बिनडोक काम नाही.

एक पंप घेऊन बघू. सेंट्रिफ्युगल पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज येतो, डिस्चार्जच्या, म्हणजे पाणी बाहेर पडतं त्या बाजूच्या, प्रेशरचा काटा थरथरतो. चांगला ऑपरेटर नुसत्या आवाजावरून ओळखतो की कॅव्हिटेशन आहे, म्हणजे आत बुडबुडे होऊन फुटताहेत. सक्शनचा, म्हणजे पाणी आत येतं त्या बाजूचा, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे ना, टाकीची लेव्हल पडली आहे का, स्ट्रेनर (गाळणी) चोक झालाय का, हे त्याच क्रमाने बघतो. काही सापडलं नाही तर डिस्चार्जचा व्हॉल्व्ह थोडा बंद करून फ्लो कमी करतो. आवाज थांबतो, शिफ्ट निभते, लॉगशीटवर नोंद होते.

पण तोच पंप दर आठवड्याला तसाच वाजायला लागला तर? इम्पेलर, म्हणजे आतलं पात्यांचं चाक, काढून बघितला तर पात्यांवर खड्डे पडलेले दिसतात. नवा बसवला तरी काही महिन्यांत तीच गत. इथे गणित लागतं. पंपाच्या तोंडाशी दाब द्रवाच्या बाष्पदाबाखाली गेला की द्रवाचेच बुडबुडे होतात, आणि आत दाब वाढला की ते फुटून धातू खरवडतात. पाण्याचा बाष्पदाब ३० अंशांना साधारण ०.४ मीटर उंचीच्या पाण्याइतका असतो, ८० अंशांना तोच जवळजवळ ५ मीटर होतो. म्हणजे थंड पाण्यावर वर्षानुवर्षं गुपचूप चाललेला पंप, प्रोसेसमध्ये बदल होऊन गरम पाणी यायला लागलं की बिघडणार. टाकीतल्या पृष्ठभागावरचा दाब, अधिक पंपापासून द्रवाच्या पातळीची उंची, वजा पाइपातलं घर्षण, वजा बाष्पदाब. हा आकडा पंपाच्या कर्व्हवर मागितलेल्या एनपीएसएचपेक्षा, म्हणजे त्या पंपाला तोंडाशी जेवढं किमान लागतं त्यापेक्षा, निदान अर्धा-एक मीटर जास्त हवा. नसेल तर सक्शनची लाइन मोठी करा, बेंड कमी करा, टाकी उचला. हे काम इंजिनीअरचं, आणि बी.ई. केमिकलच्या चार वर्षांत हेच शिकायचं असतं.

हे सूत्र मोबाइलवरही मिळतं, कबूल. पण वेगवेगळ्या परिस्थितीतली वीस गणितं करायला लावणारं, चुकीचं चिन्ह दाखवून परत पाठवणारं माणूस तिथे नसतं. गंभीर कॉलेजचा उपयोग नेमका एवढा आहे, आणि तो फार मोठा आहे. दुसरीकडे हेही खरं, की पहिल्या वर्गात पास झालेल्या मुलाला प्लांटमध्ये उभं केलं तर पंपाचं सक्शन कुठलं आणि डिस्चार्ज कुठलं हे सांगता येत नाही. सक्शन सहसा मधोमध असतं आणि त्याचा पाइप डिस्चार्जपेक्षा मोठा असतो, हे दोन मिनिटांत कळण्यासारखं आहे. पण पंप उघडलेला कधी बघितलाच नसेल तर?

सायन्सकडे हीच गोष्ट टायट्रेशनमध्ये, म्हणजे एका द्रावणाची ताकद दुसऱ्याशी ताडून काढण्यात दिसते. बी.एस्सी.च्या लॅबमध्ये ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोड्याचं द्रावण करतात. लिटरला ४ ग्रॅम वजन केलं तरी ते बरोबर ०.१ होत नाही, कारण सोड्याच्या गोळ्या हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. म्हणून ऑक्झॅलिक ॲसिडशी ताडून बघायचं. २५० मिलीला १.५७५ ग्रॅम ऑक्झॅलिक, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन, अर्धा मिनिट टिकेल इतका फिकट गुलाबी रंग, आणि लागोपाठची वाचनं ०.१ मिलीच्या आत जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा. ज्या कॉलेजात हे मनापासून करून घेतात तिथल्या मुलाला क्यूसीच्या (मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागाच्या) मुलाखतीत घाम फुटत नाही. पण कित्येक ठिकाणी द्रावणं आधीच बनवून ठेवलेली असतात, टेबलावर चौघांत एक जण ब्युरेट धरतो, बाकीचे आकडे उतरवून घेतात, आणि उत्तर माहीत असल्यामुळे वाचन मागून बसवलं जातं. तीन वर्षं हीच सवय लागते. औषध कंपनीच्या लॅबमध्ये वाचन त्याच क्षणी, शाईने, चूक झाली तर एका रेघेने खोडून सही-तारखेसह लिहायचं असतं. आकडा मागून बसवणं हा तिथे सरळ खोटेपणा धरला जातो आणि नोकरी जाते. मुलाला वाटतं, कॉलेजात तर असंच चालत होतं. अशा कॉलेजने त्याला नुसतं शिकवलं नाही एवढंच नाही, त्याचं नुकसान केलं.

म्हणून कोणी विचारलं की कॉलेज करावं का, तर मी म्हणेन, लॅब बघून ठरवा. ओपन हाउसच्या दिवशी नको, साध्या मंगळवारी-बुधवारी प्रॅक्टिकलच्या वेळेला जा. एका सेटअपवर किती मुलं उभी आहेत ते मोजा. चारपर्यंत ठीक, दहा असतील तर सात नुसती बघतात. लेथखालच्या ट्रेमध्ये चिप्स (कातलेल्या धातूचे तुकडे) आहेत का, की मशीन पुसून झाकून ठेवलंय? उपकरणाशेजारी लॉगबुक असतं, त्यातली शेवटची नोंद कधीची? गेल्या वर्षीच्या दोन जर्नल मागून घ्या आणि शेजारी ठेवा. दोघांचे आकडे दशांशापर्यंत सारखे असतील तर कळलं काय ते. वर्गाबाहेरच्या दोन मुलांना विचारा, कायम शिक्षक किती आणि तासावर येणारे किती. हे प्रश्न ऑफिसात विचारून उपयोग नाही.

प्लेसमेंटचा बोर्ड वाचताना ‘हायेस्ट पॅकेज’कडे बघूच नये, तो एका मुलाचा आकडा असतो. एनआयआरएफ या कॉलेजांच्या सरकारी क्रमवारीसाठी कॉलेजं जी माहिती भरतात तिची पीडीएफ त्यांच्याच वेबसाइटवर असते. त्यात पहिल्या वर्षाला किती आले, वेळेत किती पास झाले, किती नोकरीला लागले, किती पुढे शिकायला गेले आणि पगाराचा मध्यक (मीडियन) किती, हे पदवी, पदव्युत्तर अशा पातळीनुसार दिलेलं असतं. दहा मिनिटांचं वाचन आहे, आणि लाखांचा व्यवहार.

लाखांचा म्हणजे किती, तेही मांडून बघावं. समजा दर वर्षी दीड लाख असं चार वर्षं शैक्षणिक कर्ज काढलं, व्याज १० टक्के. हप्ता कोर्स संपून एका वर्षाने सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून धावतं. ते मधे भरलं नाही तर सरळ व्याजानेच पाच वर्षांत २ लाख १० हजार चढतात. ६ लाखांचे ८ लाख १० हजार झालेले असतात, आणि दहा वर्षांच्या मुदतीला महिना साधारण १०,७०० रुपये हप्ता बसतो. पहिल्या नोकरीचा पगार वीस-बावीस हजार असेल तर हा हप्ता निम्म्याला जातो. शक्य असेल तर शिकत असतानाच दरमहा व्याज भरत राहावं. गुजरात सरकारची एमवायएसवाय (मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना) शिष्यवृत्तीही तपासावी. बोर्डात ८० पर्सेंटाइल आणि घरचं उत्पन्न वर्षाला ६ लाखांपर्यंत असेल तर ठरलेल्या मर्यादेत निम्मी ट्यूशन फी मिळते. पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या किती जणांच्या पुढे आहात तो आकडा, टक्केच समजून कितीतरी जण अर्जच करत नाहीत. सत्तर टक्के मिळालेला मुलगाही कधी कधी त्यात बसतो, मार्कशीट नीट वाचा.

आणि ज्याला पंपाजवळ आधी जायचंय त्याने पदवी सोडली असं होत नाही, हे घरातल्यांना सांगायला हवं. दहावीनंतर अकरावी-बारावी आणि बी.ई. केली तर सहा वर्षं. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि डी-टू-डीने (डिप्लोमा-टू-डिग्री प्रवेशाने) थेट बी.ई.च्या दुसऱ्या वर्षात, तरी सहाच. दोन वर्षांचं आयटीआय, मग सी-टू-डीने (सर्टिफिकेट-टू-डिप्लोमा प्रवेशाने) डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात आणि पुढे डी-टू-डी, तर सात. एका वर्षाचा फरक, आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून कमावता येतं. ॲप्रेंटिसशिपचा किमान स्टायपेंड २०१९ च्या नियमांप्रमाणे आयटीआयवाल्याला ७ हजार, डिप्लोमाला ८ आणि पदवीधराला ९ हजार ठरला होता. रक्कम छोटी आहे, पण ते वर्ष मोठ्या प्लांटमध्ये गेलं तर त्याची किंमत पगारात नंतर दिसते.

एका बाबतीत मी काकांच्या बाजूचा आहे. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, आणि १९१७ मध्ये एवढं शिकून इथे नोकरीला आले तेव्हा त्यांना या शहरात राहायला जागा मिळू दिली गेली नाही. पदवीने समाज आपोआप बदलत नाही, हे बडोद्याला कोणी सांगायला नको. तरीसुद्धा ज्याच्या घरी धंदा नाही, जीआयडीसीत (सरकारी औद्योगिक वसाहतीत) मामा नाही, ज्याचं आडनाव ऐकून लोक मागे सरतात, त्याला परक्या माणसाच्या टेबलावर ठेवायला कागदाशिवाय दुसरं काय आहे? दुकान असलेल्या घरातला मुलगा ‘डिग्रीची गरज नाही’ म्हणतो तेव्हा त्याच्यापुरतं ते बरोबर असतं. पहिल्यांदाच शिकणाऱ्या घरातल्या मुलीला तो सल्ला देऊ नये. तिने ग्रॅण्ट-इन-एडची (सरकारी अनुदानित कॉलेजातली) कमी फीची जागा मिळत असेल तर जरूर घ्यावी, आणि लॅब कमी पडत असेल तर मे महिन्यात एखाद्या कंपनीत इंटर्नशिप करून ती भरून काढावी.

डी-टू-डीवाल्यांसाठी एक गोष्ट, कारण दर वर्षी मुलं तिथेच अडकतात. बी.ई.च्या पहिल्या वर्षातलं गणित तुमच्याकडून झालेलं नसतं आणि दुसऱ्या वर्षाचे शिक्षक ते झालंय असं धरूनच सुरू करतात. मॅट्रिक्स, आंशिक अवकलन, साध्या डिफरन्शियल इक्वेशन आणि सिरीज एवढं प्रवेशाच्या आधीच्या सुट्टीत रोज दोन तास करून ठेवा. पहिल्या वर्षाचं पुस्तक सीनिअरकडून जुनं मिळतं. लाप्लास आणि फूरियर वर्गात येतील तेव्हा मग पाट्या कोऱ्या राहणार नाहीत.