नवऱ्याचा व्यायाम : पहिल्याच दिवशी शंभर बैठका

आमचे हे ४४ वर्षांचे, उंची पाच फूट सात इंच आणि वजन ५४ किलो. लग्नात ५३ होतं. जीएसटी आणि अकाउंटची कामं करतात, दिवसातले दहा तास खुर्चीत, आणि व्यायाम म्हणाल तर आयुष्यात कधीच नाही, शाळेत पीटीच्या तासाला सुद्धा वर्गात बसून वही पूर्ण करायचे असं सासूबाई सांगतात. मागच्या वर्षी गणपतीच्या आधी सिलिंडरवाला भरलेला सिलिंडर दारात ठेवून गेला आणि ह्यांना तो ओट्यापर्यंत नेता आला नाही. घरगुती सिलिंडर म्हणजे १४.२ किलो गॅस आणि वर टाकीचं तेवढंच वजन, साधारण तीस किलो. मीच नेला. त्या रात्री जेवताना ते स्वतःहून म्हणाले, "अगं, मला पण शिकव की."

मी सहा वर्षं डंबेल करतेय. दुसऱ्या बाळंतपणानंतर कंबर धरली होती तेव्हा फिजिओथेरपिस्टने सुरू करून दिलं आणि मग सोडलंच नाही. तेव्हा खरं तर त्याच रात्री हॉलमध्ये खुर्ची ठेवून सुरुवात करायला हवी होती. पण मला वाटलं बायकोने शिकवलेलं त्यांना अवघड वाटेल, पुरुष ट्रेनर असला तर बरं, म्हणून जिम. आधी फॅमिली डॉक्टरांकडून शुगर, थायरॉइड, बी-१२, व्हिटॅमिन डी सगळं तपासून घेतलं (बारीक माणसाचं हे आधी बघाच, वजन न वाढायचं कारण कधीकधी तिथेच असतं). डी आणि बी-१२ कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या, बाकी सगळं ठीक.

जिमचं नाव लिहीत नाही. कोल्हापुरात घराजवळ आहे, मोठी आहे, एसी आहे. वर्षाचं पॅकेज ९,५०० रुपये, एकदम भरायचे. फॉर्म मीच भरला. त्यात एक रकाना होता 'व्यायामाचा पूर्वानुभव', तिथे मी ठळक अक्षरात लिहिलं, 'अजिबात नाही, कृपया हळू सुरुवात करावी.' ट्रेनरने तो फॉर्म घेतला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ह्यांचं शेड्यूल लिहिलं. सोमवार चेस्ट, मंगळवार बॅक, बुधवार लेग्ज, शनिवारपर्यंत असंच. पुढची बाजू त्याने वाचलीच नाही. मी म्हटलं की नवीन माणसाला आठवड्यातून तीन दिवस पुरे होतात, तर तो माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाला, "सर, आपण सहा दिवस करू, रिझल्ट पाहिजे ना?" आणि मला म्हणाला की मॅडम, आता जेन्ट्सची वेळ आहे, तुम्ही बाहेर बसा.

नेमका बुधवार होता. मी बाहेर बाकावर बसून आतले आकडे ऐकत होते. साठ... एकसष्ट... बासष्ट... मला वाटलं दुसरंच कोणीतरी मोजतंय. नंतर कळलं वॉर्मअप म्हणून ह्यांना शंभर बैठका मारायला लावल्या, चाळीसनंतर पाय थरथरायला लागले तर म्हणे, "कोल्हापूरचे ना तुम्ही सर, शंभर बैठका जमत नाहीत?" असं चार लोकांत म्हटल्यावर कुठला माणूस थांबेल. त्यानंतर लेग प्रेस (मशीनवर पायांनी वजन ढकलणं), लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणं) आणि वर पंधरा मिनिटं सायकल. तालमीतली पोरं मारतात बैठका, पण ती लहानपणापासून वाढवत वाढवत तिथे पोचलेली असतात, ४४ व्या वर्षी पहिल्या दिवशी नाही.

घरी आले तेव्हा खूश होते, सांगितलं पाहिजे. गुरुवारी दुखायला लागलं, शुक्रवारी जास्त. स्नायूंचं दुखणं तसंच असतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त आणि मग उतरतं. पण हे उतरेना. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, शनिवारी सकाळी हे दोन्ही हातांनी कठडा धरून एकेक पायरी आडवे होऊन उतरत होते आणि खालून येणारा दूधवाला बाजूला थांबून राहिला होता. मांड्या कडक, सुजलेल्या. संध्याकाळी म्हणाले लघवी जरा काळपट होतेय.

इथे सगळ्यांना कळकळीने सांगते, अति व्यायामानंतर लघवी कोऱ्या चहासारखी दिसली तर घरात शेक, बाम काही करत बसू नका, त्याच तासाला डॉक्टरांकडे जा. स्नायू फारच तुटले की त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि किडनीवर ताण येतो. आम्ही लगेच गेलो, सीपीके नावाची रक्ततपासणी केली, नॉर्मल साधारण दोनशेपर्यंत असतं ते ह्यांचं साडेचार हजारांच्या वर. क्रिएटिनिन (किडनी नीट चाललीय का ते सांगणारा आकडा) नॉर्मल आलं, देवाची कृपा. भरपूर पाणी, पूर्ण आराम, आणि दुखतंय म्हणून पेनकिलर मनाने घेऊ नका असं डॉक्टरांनी बजावलं कारण काही पेनकिलर अशा वेळी किडनीला आणखी त्रास देतात. दहा दिवसांनी पुन्हा तपासलं तेव्हा आकडा खाली आला होता. ते दहा दिवस मी रात्री किती वेळा उठून ह्यांना पाणी दिलं ते माझं मला माहीत.

रिपोर्ट घेऊन जिममध्ये गेले. तिथे उत्तर काय, तर "मॅडम, दुखतंय म्हणजे बनतंय." मी रिपोर्ट काउंटरवर ठेवला, कोणी हातात घेतला नाही. पैसे परत मागितले, तर पॅकेज नॉन-रिफंडेबल. निदान तीन महिने फ्रीज करा म्हटलं, तर ते सर आल्यावर. सर कधी येतात तर संध्याकाळी, संध्याकाळी गेलं तर सर सकाळी येऊन गेले. पाच आठवडे हे चाललं, बँकेतून सुटून मी तिथे जायचे. शेवटी लेखी अर्ज दिला, सोबत रिपोर्टची झेरॉक्स आणि त्यांच्याच फॉर्मचा मी काढून ठेवलेला फोटो जोडला, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि सही मागून घेतली, तेव्हा कुठे दोन हजार कापून पॅकेज भाच्याच्या नावावर झालं. तर फॉर्म भरला की फोटो काढून ठेवत जा, आणि कितीही स्वस्त पडत असलं तरी पहिला महिना वर्षाचे पैसे भरू नका.

पण पैशाचं सोडा. शरीर दोन आठवड्यांत बरं झालं, मन नाही झालं. त्यानंतर महिनाभर हे व्यायामाचं नाव काढू देईनात. "माझा पिंडच नाही गं तो," एवढंच. जो माणूस स्वतः शिकव म्हणाला होता, त्याच्या तोंडी हे वाक्य त्या एका दिवसाने घातलं, ह्याचा मला अजून राग येतो.

मग मी एक केलं. हे हिशोबाचे माणूस, तर एक लांबट लेजर वही आणली, रकाने आखले, तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा. पहिल्या ओळीत लिहिलं, 'खुर्चीवरून उठणे-बसणे, वजन शून्य, ५ वेळा.' म्हटलं अहो, एवढंच करायचं आणि उठून अंघोळीला जायचं. त्यांनी केलं, म्हणाले बस एवढंच? बस एवढंच. परवा ६. पहिले दोन आठवडे मी मुद्दाम त्यांना अजून हवंय असं वाटत असतानाच थांबवलं. हे फार महत्त्वाचं आहे, नवीन माणूस दमून नाही तर भूक ठेवून उठला पाहिजे.

सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी अर्धा तास. खुर्चीवरून उठणं-बसणं, ओट्याला हात टेकून जोर (जमिनीवरचे नंतर, सुरुवातीला भिंतीला टेकून पण चालतात), एका हाताने डंबेल मागे ओढणं, पाठ सरळ ठेवून कंबरेतून वाकून वजन उचलणं, आणि डोक्यावर ढकलणं. एवढे पाचच, प्रत्येकी आधी दोन सेट मग तीन (सेट म्हणजे न थांबता केलेली एक फेरी). आठ ते बारा वेळा जमेल असं वजन, आणि शेवटी अजून दोन निघाले असते इतपत जीव शिल्लक ठेवायचा. तिन्ही सेटला बारा आले की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवायचं. स्नायू दुखले तर चालतं, सांध्यात टोचल्यासारखं झालं तर तिथेच थांबायचं.

पहिले सहा-सात आठवडे आरशात काहीच दिसत नाही. ताकद वाढते ती शरीराला आधी आहेत ते स्नायू वापरायला यायला लागतात म्हणून, दंड भरायला वेळ लागतो. हे आधीच सांगून ठेवा नाहीतर माणूस खचतो. आम्ही काटा महिन्यातून एकदा, आणि दंडाला टेप. २५.५ सेंमीवरून आठ महिन्यांत २८ झालाय, वजन ५८.५, पोट होतं तेवढंच.

खाण्याचं सांगायचं राहिलं, तेच खरं अर्धं काम आहे. ह्यांचं रोजचं जेवण मोजलं तर प्रोटीन जेमतेम ४० ग्रॅम. आमटी आहे की, असं सगळे म्हणतात पण वाटीभर आमटीत सहा-सात ग्रॅमच्या वर काही नसतं, पातळ असली तर त्याहून कमी. स्नायू वाढवायचे तर वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत, म्हणजे ह्यांना ८५ च्या आसपास. रोज तीन अंडी त्यातून १८, अर्धा लिटर दूध १६, सोयाबीनच्या कोरड्या वड्या ३० ग्रॅम भिजवून भाजीत टाकल्या की १५. गुरुवार-शनिवार आमच्याकडे अंडं-मटण नाही, त्या दिवशी १०० ग्रॅम पनीर. सासूबाई आधी रागावल्या, एवढी अंडी उष्ण पडतात म्हणून, आता त्याच सकाळी उकडायला ठेवतात. बारीक माणसाला नुसतं प्रोटीन पुरत नाही, एकूणच जास्त खावं लागतं, म्हणून चार वाजता ऑफिसात शेंगदाण्याचे दोन लाडू. जिमच्या काउंटरवर प्रोटीन पावडरचा सहा हजारांचा डबा गळ्यात मारत होते तो घेतला नाही. पावडर म्हणजे बहुतेक वेळा दुधातलंच प्रोटीन असतं, वाईट नाही, पण आधी ताट सुधारा.

नवरा-बायको म्हणून एक. चुकलं तर मुलांसमोर सांगायचं नाही. मी पहिल्या आठवड्यात लेकीसमोर "पाठ वाकतेय" म्हणाले तर चेहरा पडला त्यांचा. आता सेट संपल्यावर हळूच सांगते, आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून त्यांचा त्यांना दाखवते, मग स्वतःच ओळखतात. मोजायचं मात्र मी, मोठ्याने. बाकावर ऐकलेले ते आकडे डोक्यातून जावेत म्हणून असेल, पण बारा म्हटल्यावर मी थांबते म्हणजे थांबते.

हो, वजन उचलताना श्वास रोखू देऊ नका, वर नेताना सोडायचा. विशेषतः बीपी असेल तर.

मार्चमध्ये सिलिंडर आला तेव्हा मी बँकेत होते, घरी आले तर तो ओट्याखाली जोडलेला होता. ह्यांनी काही सांगितलं नाही, लेकीने सांगितलं. वहीत बघितलं तर त्या तारखेला रकान्यात लिहिलं होतं, 'सिलिंडर, ३० किलो, १ वेळा.' छातीशी डंबेल धरून बैठक सध्या साडेसतरा किलोवर आहे, काल तिन्ही सेटला बारा आले. सोमवारी २० लावायचे आहेत पण डंबेलच्या प्लेटा कमी पडतायत, रविवारी दोघं जाऊन आणणार आहोत.